डबा बसवला, रिकामा कोण करणार?

आमच्या गल्लीत नवी गाडी आली की पेढे संध्याकाळपर्यंत संपतात, चर्चा मात्र महिनाभर पुरते. रंग कुणी निवडला, कर्ज किती, आवडत्या नंबरासाठी जादा पैसे मोजले का, सासऱ्यानं किती घातले, हे सगळं आमच्या आणि शेजारच्या आण्णांच्या घरांमधल्या मेंदीच्या कुंपणावर ठरतं. हे कुंपण छाटायचं कुणी, यावर दोन्ही घरांचं अजून एकमत नाही. त्यामुळे दोन्ही टोकांना ते माजलंय आणि मधोमध, गप्पांच्या जागी, कोपरं टेकून टेकून बसकं झालंय.

रविवारी सकाळी काकींनी, म्हणजे आण्णांच्या बायकोनं, तिथूनच हाक मारली.

“बाई, कळलं का? कोपऱ्यावरच्या पोरानं नव्या गाडीला डबा बसवलाय.”

“कसला डबा? गॅसचा?”

“गॅसचा नव्हं वो. तेलाचा! निळाभोर, चकाचक. त्याची आई सांगत हुती, इंजिन तेल ओकतंय म्हणून बसवला. एवढ्या महागाची गाडी आणि पहिल्याच वर्षी तेल ओकतीया? मी इचारलं, नारळ नीट फोडला हुता न्हवं?”

“इंजिन ओकत न्हाई,” मागून आण्णांचा आवाज आला. “माणसंच काय तर ओकत्यात.”

आण्णांचं उद्यमनगरात गॅरेज होतं. उभी हयात ट्रक, ट्रॅक्टर आणि जिपांची इंजिनं उतरवण्यात गेली. आता गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे घरी असतात, पण कान बॉनेटखालीच. गल्लीत कुणाची गाडी सुरू झाली की चहाचा कप खाली न ठेवता सांगतात, “तिसरा इंजेक्टर गेलाय.”

“मग डबा कशाला बसवला?” काकींनी विचारलं.

“सांगतो. बाई, तुम्ही पोरांना दाब शिकवता न्हवं? मग सोपं हाय. पिस्टनच्या डोक्यावर जाळ हुतो. रिंगा कितीबी नव्या असूंद्या, त्या दाबातला थोडा वायू रिंगांच्या फटीतनं खाली तेलाच्या चेंबरात उतरतोच. पुस्तकात त्याला ब्लो-बाय म्हणत्यात, आमी बॅक कॉम्प्रेशन म्हणतो. खाली क्रँक तेल घुसळत असतो. तेलाचे बारीक थेंब, अर्धंमुर्धं जळालेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ, सगळं एका जाग्याला. त्याला वाट दिली न्हाई तर दाब वाढतोय आणि सील फाटतंय. म्हणून ब्रीदर असतो.”

“तुमच्या ट्रकांना तर डबा नव्हता,” मी म्हटलं.

“कुठला डबा! नळी सरळ खाली रस्त्याकडं सोडलेली असायची. गाडी जिथं उभी, तिथं काळा डाग. डागावरनं गाडी कुणाची ते आमी वळखायचो.”

“तसला डाग समोरच्या डॉक्टरांच्या जिपेखाली रोज असतोय,” काकींनी संधी साधली. “नेमका माझ्या रांगोळीच्या जाग्यावर. कुणी तरी त्यांची नळी काढून खाली सोडून दिलीया. पेशंटला म्हणायचं तेलकट खाऊ नका, आणि आपली गाडी बघा!”

डॉक्टरांचा विषय निघाला की काकींना आवरणं अवघड, म्हणून ती उघडी नळी बंद कशी झाली ते सांगायला मी कॅलिफोर्नियाकडं वळले. लॉस एंजेलिसवर एके काळी पिवळट धुरकं साचायचं, डोळे चुरचुरायचे. १९५०च्या आसपास हागेन-स्मिट नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की गाड्या नि कारखान्यांतून सुटणाऱ्या हायड्रोकार्बनवर ऊन पडलं की ते धुरकं तयार होतं. मग लक्षात आलं, की हा माल फक्त सायलेन्सरमधून येत नाही, ब्रीदरच्या त्या उघड्या नळीतूनही येतो. १९६१च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांना ती नळी बंद करून वायू परत इंजिनात ओढून घेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह आला. पुढं तीच पद्धत जगभर झाली. आपल्या भारत स्टेजच्या नियमांतही पेट्रोल गाडीच्या क्रँककेसमधून वायू बाहेर सोडायला मुभाच नाही.

“म्हंजी घाण बाहीर टाकायची न्हाई, परत गिळायची,” काकी म्हणाल्या.

“गिळायची आणि जाळायची,” आण्णा म्हणाले. “हवेला ते बरं हाय, पण इनटेकला तेलाचा लेप बसतोय. त्यो बसू ने म्हणून वाटंत डबा घालायचा. वायू डब्यात शिरतो, तेल खाली बसतं आणि वायू फुडं इंजिनात जातो. ह्यो तुमचा कॅच कॅन.”

“मग सगळ्यांनाच पायजे की!”

“न्हाई. तितंच दुकानदार फशिवत्यात.”

आण्णा कुंपणाला रेलले, म्हणजे आता तासाभराची निश्चिंती. साध्या पेट्रोल इंजिनात, म्हणजे मारुतीच्या के-सिरीजच्या बहुतेक गाड्यांत, पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या मागं शिंपडलं जातं. येता-जाता पेट्रोलच व्हॉल्व्ह धुतं. शिवाय हल्लीच्या इंजिनांच्या हेड कव्हरमध्ये कंपनीनंच तेल वेगळं करणारा कप्पा दिलेला असतो. अशा गाडीत ऑफिस, बाजार आणि महिन्यातून एकदा जोतिबा एवढंच फिरणं असेल तर डब्याचं काम नाही.

गोम आहे ती डायरेक्ट इंजेक्शनमध्ये. ह्युंदाईचं टर्बो जीडीआय, फोक्सवॅगन-स्कोडाचं टीएसआय, महिंद्राचं एमस्टॅलियन टीजीडीआय, या इंजिनांत पेट्रोल दोनशे बारच्या आसपास किंवा त्याहून जास्त दाबानं थेट सिलिंडरात मारतात. व्हॉल्व्हच्या पाठीला पेट्रोलचा थेंब लागत नाही. ब्रीदरमधून आलेलं तेल त्या तापलेल्या पाठीवर बसतं, भाजतं आणि काळ्या कवचासारखं चिकटतं. हवेची वाट अरुंद होते, गाडी थंड असताना थरथरते, ओढ कमी होते.

“मग साफ कसं करत्यात?”

“इनटेक मॅनिफोल्ड खोलून अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबानं मारत्यात. टरफल कार्बन खरवडतं, धातूला ओरखडा पाडत न्हाई.”

“अक्रोड?” काकींचे डोळे मोठे झाले. “हितं शिऱ्यात घालायला मिळंनात, आणि हे इंजिनात मारत्यात!”

“टरफलं गं, टरफलं. आणि डबा बसवला म्हणून कार्बन येणारच न्हाई असंबी न्हाई. व्हॉल्व्हच्या दांड्यावरनं थोडं तेल खाली येतंच, एक्झॉस्टचा वायूबी थोडा मागं फिरतो. डबा कार्बनचा येग कमी करतो. ‘झिरो कार्बन’ म्हणून कुणी इकत आसंल तर त्याला रामराम करावा.”

डिझेलची तऱ्हा आणखी वेगळी. तिथं ईजीआर व्हॉल्व्ह सायलेन्सरकडची काजळी परत इनटेकला आणतो आणि ब्रीदर तेल आणतो. दोघांची गाठ पडली की मॅनिफोल्डमध्ये डांबर तयार. त्यात टर्बो आणि इंटरकूलरच्या पोटात तेल साचतं ते निराळंच.

एवढ्यात विषयाचा मालक स्वतःच गेटातून आत आला. माझाच विद्यार्थी, आता पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवार घरी. हातात तोच निळा डबा.

“आण्णा, जरा बघता का? दोन-अडीच हजारांत ऑनलाइन मागवला. काल बसवला, पण गाडी उभी असताना आरपीएम वरखाली व्हायला लागलंय, म्हणून काढून आणला.”

“म्हंजी इंजिन तेल ओकत न्हवतं?” काकी जराशा हिरमुसल्या.

“नाही हो काकी! आईला सांगितलं होतं, ‘तेल अडवायला’ बसवलाय. तिनं पुढं काय सांगितलं कुणास ठाऊक.”

गल्लीत बातमी दोन दारं ओलांडते तेव्हा तिच्यातही बराच कार्बन साचतो. मी काकींकडं पाहिलं. काकी मेंदीची पानं खुडत होत्या.

आण्णांनी डब्याचं झाकण फिरवलं, आत बघितलं आणि डबा माझ्या हातात दिला. आत काहीच नव्हतं. वर दोन तोट्या, मध्ये मोकळी जागा, बस्स. एका तोटीतून वायू आला की सरळ दुसरीतून बाहेर.

“ह्यात तेल थांबंल कशाला?” आण्णा म्हणाले. “तेलाच्या धुक्याला आपटायला काय तरी पायजे. वळणं पायजेत, जाळी पायजे. वायूचा येग मोडला, त्यो गार झाला, की थेंब एकमेकाला धरून खाली येत्यात.”

“आमच्या चिमणीत हाय की तसं!” काकी एकदम पुढं सरसावल्या. “फोडणीचा धूर वर जातो, त्या वाकड्या पट्ट्यांवर आपटतो, आणि तेल ओघळून खालच्या वाटीत. पट्ट्याच काढून टाकल्या तर वाटीत काय पडायचं?”

आण्णांनी बायकोकडं कौतुकानं पाहिलं. एवढ्या वर्षांच्या गॅरेजात हे त्यांना कुणी इतक्या थोडक्यात सांगितलं नसावं.

“मग मी आत तारेची घासणी भरतो,” पोरगा म्हणाला. “व्हिडिओत तसंच दाखवतात.”

“आत्ता कळलं!” काकी कडाडल्या. “माझी नवी घासणी सिंकवरनं गेली कुठं ते! तुझ्या आईनंच नेली आसणार.”

“घासणीचं नाव काढू नगंस,” आण्णा म्हणाले. “ती तार गाडीच्या हादऱ्यानं झिजती, तुकडं पडत्यात, आणि ते तुकडं कुठं जात्यात? नळीतनं टर्बोच्या पंख्यावर. भांडी घासायची वस्तू भांड्यालाच बरी. डब्यातली जाळी दोन छिद्रांच्या पत्र्यात घट्ट धरलेली पायजे, न्हाईतर सिंटर्ड ब्राँझचा फिल्टर पायजे. आन् आतलं पत्रं वेल्डिंग केलेलं, नुस्तं अडकवल्यालं नव्हं.”

मग परीक्षा पुढं सरकली. आण्णांनी तोटीत करंगळी घातली. तिचं टोकच काय ते आत गेलं. “ही नऊ मिलिमीटरची वाट. तुझ्या गाडीची नळी केवढी?” पोरानं मोजलेलं होतं: एकोणीस. “म्हंजी दारातनं शिरल्याला वायू खिडकीतनं बाहीर काढायचा. चेंबरात दाब वाढंल. डिपस्टिक वर सरकंल, न्हाईतर क्रँकचं मागचं सील गळंल. त्या एका सीलापायी गिअरबॉक्स उतरावा लागतोय. डबा अडीच हजाराचा, काम किती हजाराचं ते तूच बघ. मूळ नळीपेक्षा बारीक तोटी कधीच घ्यायची न्हाई.”

झाकणावर एक छोटा लाल फिल्टर होता, शोभेच्या फुलासारखा. तो आण्णांनी फिरवून काढला आणि खिशात टाकला.

“आरपीएम नाचत हुतं ते ह्याच्यामुळं. मॅनिफोल्ड ओढून घेतंय, आणि ह्या भोकातनं न मोजलेली हवा आत शिरतीया. सेन्सरला तिचा पत्ता न्हाई. चार दिवसांनी चेक इंजिनचा दिवा लागला आसता.”

“पण आण्णा, रेसच्या गाड्यांना असा उघडाच डबा असतो ना?”

“असतो,” मी म्हटलं, कारण हे मला ठाऊक होतं. “आणि त्याला नियम आहेत. मोटर शर्यतींच्या एफआयए संस्थेच्या नियमांत, ब्रीदर उघडा असेल तर तेल डब्यातच गेलं पाहिजे. दोन हजार सीसीपर्यंतच्या गाडीला किमान दोन लिटरचा, त्यावर तीन लिटरचा, आणि आतलं तेल बाहेरून दिसलं पाहिजे. ट्रॅकवर तेल सांडलं तर मागचा घसरतो, म्हणून. तुझा डबा केवढा आहे?”

“तीनशे मिलिलिटर.”

“मग रेस नको.”

“आणि उघडा ठेवलास तर त्यो वास एसीच्या वाटेनं गाडीत येतोय,” आण्णा म्हणाले. “नुस्ता वास न्हाई, त्यात जळाल्याला वायूबी असतो.”

“पीयूसीवाला नळी सायलेन्सरातच घालतो की. बॉनेट उघडून कोण बघतंय?” पोरगा हळूच म्हणाला.

“पीयूसीवाला न बघूंद्यात. नाक तर तुझंच हाय. एकदा डॉक्टरांच्या जिपेत मागं बसून बघ.”

डॉक्टरांचं नाव निघताच काकी पुन्हा सरसावल्या, पण आण्णांनी हात वर केला.

पोरानं नळी आणलेली होती: पांढरी, पारदर्शक, गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती. आण्णांनी ती दोन बोटांत दाबली, दोन्ही कडा एकमेकींना चिकटल्या. “थंडीत दगड, इंजिनाच्या उष्णतेत लोळागोळा, आणि मॅनिफोल्डनं ओढलं की अशी चप्पट. नायट्राइल रबराची, तेल सोसणारी, आत धाग्याचा थर असल्याली नळी घे. वळण देताना मुडपायची न्हाई. मधी कुठं झोळ पडू द्यायचा न्हाई, न्हाईतर तेल तितंच साचतंय. चांगल्या होज क्लिपा लाव, बाइंडिंग वायर नगं.”

जागेचं म्हणाल तर टर्बो आणि एक्झॉस्टपासून लांब, हवा लागेल अशी. डबा जेवढा गार, तेवढं धुकं चांगलं जमतं. पट्टी गाडीच्या अंगाला पक्की बसवायची. इंजिन हलतं, तेव्हा नळीला थोडी ढील ठेवायची. आणि खालचा नळ असा हवा की गाडीखाली न झोपता हात पोचेल. “हात पोचला न्हाई तर कुणीबी रिकामा करत न्हाई,” आण्णा म्हणाले, “ही माणसाची जात हाय.”

टर्बो गाडीत आणखी एक मेख आहे. शांत चालवताना मॅनिफोल्डची ओढ असते, त्यामुळे वायू पीसीव्हीमधून तिकडं जातो. पाय दाबला आणि टर्बोनं हवा रेटली की तो व्हॉल्व्ह बंद होतो. मग वायू दुसऱ्या नळीनं टर्बोच्या आधीच्या वाटेला लागतो. पोरानं डबा फक्त पहिल्या वाटेवर बसवला होता. म्हणजे पन्हाळ्याच्या चढाला, जेव्हा ब्लो-बाय सगळ्यात जास्त, तेव्हा सगळा माल डब्याला वळसा घालून जाणार. दोन्ही वाटा धरायच्या तर दोन डबे लागतात, किंवा एका डब्याला तीन तोट्या आणि एकाच दिशेला उघडणारे व्हॉल्व्ह.

“मग आण्णा, उद्यमनगरात बनवून घेऊ?”

“घे की. ॲल्युमिनियमचं काम तितं चांगलं हुतंय. पण टर्नरला सांग: आत वळणं, तोट्या एकोणीसच्या, झाकणाला ओ-रिंग, खाली नळ, आन् पातळी दिसायला बाजूला काच न्हाईतर झाकणाला कांडी. अर्ध्या लिटरच्या आसपास माप बास. निळा रंग दिला न्हाई तरी चालतंय.”

डिझेलवाल्यांसाठी आण्णांचं मत निराळं. जर्मनीच्या मान-हुमेल कंपनीचं प्रोव्हेंट २०० हे ऑस्ट्रेलियातले जीपवाले फार वापरतात. मिनिटाला दोनशे लिटर ब्लो-बायपर्यंतचं त्याचं माप, आत बदलता येणारा फिल्टर, आणि तो तुंबला तर दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह. महाग आहे, पण तुंबलं तरी सील फाडत नाही. फक्त तो फिल्टर कंपनीनं सांगितलेल्या मुदतीला बदलावा लागतो.

मग मी माझं घोडं पुढं दामटलं. माझ्या जुन्या गाडीत रांजणगावचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल आहे. “मला लागेल का?”

आण्णा गेटमधून बाहेर आले. गाडी सुरू करून गरम होऊ दिली, तेल ओतायचं झाकण उघडलं आणि तेच झाकण उलटं करून भोकावर नुसतं ठेवलं. आम्ही सगळे वाकून बघत होतो. झाकण किंचित थरथरलं, पण जागचं हललं नाही. भोकातून धूर नाही, फुसफुस नाही. “रिंगा शाबूत हाईत. झाकण उडून पडलं आसतं, न्हाईतर भकाभक धूर आला आसता, तर डबा नव्हं, इंजिनाचं काम निघालं आसतं. डबा रिंगा भरून देत न्हाई.” ब्रीदरची नळी टर्बोकडून सोडवून त्यांनी आत बोट फिरवलं. बोटाला तेलाचा पातळ चकाकणारा हात लागला, थेंब नाही. “एवढं चालायचंच. डिपस्टिकला तेल वरच्या खुणंच्या वर जाऊ देऊ नका. जास्त तेल घातलं की क्रँक घुसळतो आणि सगळं ब्रीदरात. माणसं ह्या चुकीला डबा लावत्यात.” पोराला सांगितलं, की त्याच्या पेट्रोल गाडीत झाकण उघडलं तर इंजिन अडखळेल, आतली ओढ मोडते म्हणून. तो दोष नव्हे.

तेलाच्या मापासारखीच तेलाची निवडही महत्त्वाची. तेल किती लवकर उडतं हे मोजणारी नोआक नावाची चाचणी असते. तेल एक तास २५० अंशाला तापवायचं आणि किती टक्के उडालं ते पाहायचं. युरोपच्या सी३ दर्जाच्या तेलाला १३ टक्क्यांची मर्यादा आहे, तेलाचे दर्जे ठरवणाऱ्या आयलसॅक समितीच्या जीएफ-६ ला १५ टक्क्यांची. गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या दर्जाचं तेल वेळेवर बदललं तर डब्याचं निम्मं काम तिथंच होतं.

“समजा बसवला. मग बघायचा किती दिवसांनी?” पोरानं विचारलं.

“पयल्यांदा हजार किलोमीटरला. किती जमलं ते बघ, मग अंतर ठरव. पण अर्ध्याच्या वर भरू द्यायचा न्हाई. आणि पावसाळ्यात निम्म्या अंतरावर.”

पावसाळ्यात का, ते सांगायचा मान माझा. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण थोडं ब्लो-बायबरोबर खाली उतरतं. घर ते मंगळवार पेठ एवढ्याच फेऱ्या असतील तर इंजिन पुरतं तापत नाही, ते पाणी उडत नाही आणि डब्यात तेलाशी घुसळून पांढरट पिवळा फेसाळ गाळ होतो. तो पाहून घाबरायचं नाही. मात्र तसलाच गाळ डिपस्टिकवर दिसला आणि कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅस्केट तपासायला लगेच न्यायची. थंड मुलखात हाच गाळ नळीत गोठतो, वाट बंद होते आणि सील फाटतं. आपल्याकडं गोठत नाही, पण गगनबावड्याच्या पावसात डबा भराभर भरतो.

“आणि भरल्याला इसरला तर?” काकींनी विचारलं.

आण्णा एकदम गंभीर झाले. “डिझेलला लई वाईट. एकदा एक ट्रक आला हुता. इनटेकमधी तेल गेलं, आणि इंजिन आपलंच तेल जाळून पळाय लागलं. किल्ली काढली, तरी थांबंना. जाळ अन् धूर संगटच! आवाज असा, की शेजारच्या लेथवरची माणसं पळाली. शेवटी हवेची वाट गोणपाटानं दाबून कोंडली तवा मेलं. गाडी गिअरची आसंल तर वरच्या गिअरला ब्रेक दाबून बंद पाडायची. भरल्याला डबा चढाला वाकडा झाला आणि तेल फुडं ओढलं गेलं तर हेच.”

क्षणभर कुणी बोललं नाही. मग पोरानं वहीच काढली. आण्णांनी लिहून दिलं: इंजिन गार असताना नळ उघडायचा, तारीख, किलोमीटर, माप आणि रंग टिपायचा, तेल बदलताना दर वेळी डबा सोडवून आतली जाळी रॉकेल किंवा डिझेलनं धुऊन पूर्ण सुकवायची, ओ-रिंग चिरली का, नळी फुगली का, क्लिपा ढिल्या झाल्या का ते पाहायचं. माप अचानक दुप्पट झालं तर डब्याला दोष न देता पीसीव्ही आणि कॉम्प्रेशन तपासायचं. आणि नव्या गाडीला बसवण्याआधी सर्व्हिस सेंटरकडून वॉरंटीचं लेखी विचारून घ्यायचं, मूळ नळ्या जपून ठेवायच्या.

“निघालेलं तेल परत इंजिनात ओतलं तर? सिंथेटिक आहे, महाग आहे.”

“त्यात पाणी हाय, पेट्रोल हाय, आम्ल हाय. चहाच्या गाळाचा परत चहा करतोस का?”

“मग कुंपणाच्या खांबाला लावा,” काकी म्हणाल्या. “वाळवी लागत न्हाई.”

“लावायचे पूर्वी. ते मातीत मुरतं, आणि पावसात पंचगंगेला जातं,” मी म्हटलं. वापरलेलं तेल २०१६च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. ते परवानगी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडंच जायला हवं. आण्णांच्या गॅरेजात त्यासाठी पिंप होतं. घरच्यांनी बंद कॅनमध्ये साठवून सर्व्हिसला जाताना गॅरेजात द्यावं, एवढं सोपं आहे.

“सगळ्यांना शिकवून झालं न्हवं?” काकी आण्णांकडं वळल्या. “आता आत चला. चिमणीची वाटी दिवाळीपासनं भरलीया. तुमच्या वाटणीचं काम हाय ते.”

आण्णा निमूट आत गेले. पोरगा डबा घेऊन उद्यमनगराच्या वाटेला लागला. काकी मात्र थांबल्या. डॉक्टरांच्या नळीचं काय करायचं हे अजून ठरायचं होतं.

माझं मत विचाराल तर असं: साधं पेट्रोल इंजिन असेल तर डब्याचे पैसे चांगल्या तेलावर घाला. डायरेक्ट इंजेक्शन किंवा टर्बो डिझेल असेल आणि घाटातला, लांबचा प्रवास नेहमीचा असेल, तर बंद पद्धतीचा, आत वळणं असलेला, पुऱ्या मापाच्या तोट्यांचा डबा जरूर बसवा. आणि तो वेळच्या वेळी रिकामा करणारं माणूस घरात नसेल, तर कितीही निळा असला तरी घेऊ नका.